पांढरी चारचा गळा

माझ्या घरात एक तंबोरा आहे. तो जनानी आहे, म्हणजे बाईच्या गळ्यासाठी केलेला, आकाराने लहान. पेटीवरची काळी चार ही पट्टी धरून तो मिरजेहून करवून आणला होता. त्याच्या बरेच खाली उतरले की तारा सैल पडतात आणि नाद मरतो. हे आधी सांगतो, कारण पुढे जे नुकसान झाले त्याचा दोष मी अनेक वर्षे या तंबोऱ्यावर टाकला. तंबोऱ्याचा दोष नव्हता.

मी शाळेत संगीत शिक्षक होतो. शाळा सुटल्यावर शिकवण्या घेत असे आणि शहरात कोणाची बैठक असली की पेटीवर साथ करत असे. आता शहात्तर वर्षांचा आहे. बोटे चालतात, कान शाबूत आहेत. मुलगी बेचाळीस वर्षांची आहे आणि हे लिखाण तिच्या आवाजाविषयी आहे.

त्यासाठी माझ्या आईविषयी दोन शब्द लिहावे लागतील. माझे वडील ढोलकी वाजवत आणि आई गात असे. जयंतीला आमच्या वस्तीची गायनपार्टी गावोगाव जायची. आईचा आवाज खालचा होता, रुंद होता. कर्णा बंद पडला तरी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शब्द ऐकू जात. बायका तिला चेष्टेने विचारत, "घरी तू गातीस का तुझा नवरा?" ती हसायची आणि पुढचे कडवे उचलायची.

मी सोळाव्या वर्षी शास्त्रीय गाणे शिकायला एका गुरुजींकडे गेलो. त्यांनी गाव विचारले, आडनाव विचारले, एक सरगम म्हणायला लावली. मग म्हणाले, "तुमच्याकडचे गळे मैदानाचे असतात. बैठकीचे नसतात. पेटी शिका." त्यांनी मला पेटी शिकवली, मन लावून शिकवली, एक दिवस चुकवला नाही. त्यांचे ऋण मी मानतो. पण ते वाक्य माझ्या अंगात राहिले. विहारात वंदनेला बसलो तरी आईचा आवाज इतरांत वेगळा ऐकू येई आणि मी मान खाली घालत असे. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही.

मुलीचा गळा नवव्या वर्षी लागला. सुरेल होती, ताल पक्का होता. एकच गोष्ट मला खटकली. मोकळे सोडले की ती पांढरी चारवर जाऊन बसे, म्हणजे इतर मुलींच्या तीन सूर खाली. माझ्या साथीच्या आयुष्यात मी ज्या ज्या बाईंच्या मागे बसलो त्या काळी चार किंवा काळी पाचवर गात. स्पर्धांचे परीक्षक त्याच बायांच्या हाताखाली शिकलेले होते. पांढरी चारवर गाणाऱ्या माझ्या मुलीला ऐकून ते काय म्हणतील हे मला ठाऊक होते. कोणी तोंडाने म्हणाले नसते. एकमेकांकडे पाहिले असते.

म्हणून पुढच्या वर्षी मिरजेचा तंबोरा आला. काळी चारचा.

पहाटे पाच ते साडेसहा रियाज. तंबोरा लावून मी पेटीवर षड्ज धरत असे आणि ती गाई. चढताना तिच्या मानेची शीर फुगे. मी म्हणे, "मान सैल सोड." ती सोडायचा प्रयत्न करी. शीर तशीच राही. एकदा, ती बारा वर्षांची असेल, तिने विचारले, "बाबा, थोडं खाली लावलं तर?"

"तंबोरा खाली लागत नाही," मी म्हणालो.

"मग तंबोऱ्याशिवाय?"

"तंबोऱ्याशिवाय गाणं नसतं."

स्वयंपाकघरातून माझी पत्नी म्हणाली, "अहो, लेकराचा गळा हाय तो, रबर नाय. ताणायला लागलाव तव्हापासून बघायलेय." ती लासूर स्टेशनच्या बाजूची. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी तिने बोली सोडली नाही आणि मला भ्यायलीही नाही. मी पुन्हा षड्ज धरला. गाण्यातले तिला कळत नाही असे माझे मत होते.

सात वर्षे हा क्रम चालला. मुलगी आंतरशालेय स्पर्धा जिंकत गेली. आवाजात एक धार आली होती. लोक तिला तेजस्वी म्हणत. ती धार म्हणजे काय हे माझ्या कानाला कळत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. मी कानाचाच माणूस आहे. सकाळी रियाजानंतर तासभर तिचा बोलण्याचा आवाज बसलेला असे. मी ज्येष्ठमधाची कांडी देत असे.

सतराव्या वर्षी एका मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी इथल्याच सभागृहात झाली. ती भूप राग गायली. मी पेटीवर होतो. विस्तार चांगला झाला. द्रुत लयीत ती वरच्या षड्जाच्या पुढे गेली, गंधार घेतला आणि पंचमाला हात घातला तेव्हा आवाज निघालाच नाही. तोंड उघडे, श्वास बाहेर आलेला, आणि सूर नाही. तबलजीने दोन आवर्तने सांभाळली. मी पेटीवर पंचम वाजवला, म्हणजे तिच्या ऐवजी मी गायलो असे म्हणा. ती उठून आत गेली.

डॉक्टरांनी आरशाने घसा पाहिला. स्वरतंतूंवर गाठी होत्या. तीन महिने बोलायचे नाही, सहा महिने गायचे नाही. घरी परतताना रिक्षात कोणीच बोलले नाही. तिला बोलायची मनाई होती. मला नव्हती.

गाठी बऱ्याच अंशी विरल्या. वर्षभराने तिच्या महाविद्यालयातल्या मैत्रिणी नाताळच्या समूहगानासाठी लष्करी छावणीतल्या चर्चमध्ये जात होत्या, ती त्यांच्यासोबत गेली. मागच्या रांगेत उभी राहिली, कारण गाण्याची धास्ती बसली होती. तिथे पियानो वाजवणाऱ्या एक बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, कडक, पांढरे केस कापलेले. त्यांनी मला बोलावणे पाठवले.

पियानोच्या स्टुलावर बसूनच त्या बोलल्या. "मास्तर, हिला काय गायला लावत होतात?"

मी सांगितले.

"कोणत्या पट्टीत?"

तेही सांगितले.

त्यांनी मुलीला उभे केले आणि पियानोवर एकेक सूर खाली उतरवत नेला. मुलगी गात गेली. पांढरी चार आली, काळी दोन आली, तिथूनही खाली. आवाज पातळ झाला नाही. खोलीत भरत गेला. माझ्या आईला जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

"आमच्याकडे या आवाजाला मेझो-सोप्रानो म्हणतात," बाई म्हणाल्या. "सर्वांत उंच नाही, सर्वांत खाली नाही. मधला. भरदार. हा दोष नाही, मास्तर, ही जात आहे आवाजाची. आमच्यात आधी आवाज ओळखतात, मग गाणं देतात. तुम्ही गाणं आधी ठरवलंत."

जात हा शब्द त्यांनी सहज वापरला. त्यांना माझ्याविषयी काही माहीत नव्हते.

बाहेर आल्यावर मुलीने विचारले, "जाऊ का त्यांच्याकडे शिकायला?"

"जा," मी म्हणालो. परवानगी दिली असे लोक समजले. खरे तर मी तिला सोडून दिले होते. जे गाणे मला कळत नाही त्यात तिचे काय होते याची जबाबदारी माझी नव्हती. तंबोऱ्याला खोळ घातली आणि कपाटावर ठेवला.

ती चार वर्षे सायकलने छावणीत जात राहिली. पदवी झाली. मग मुंबईत नोकरी करून समूहगानात गायली. तिथे परदेशाहून आलेल्या एका गानशिक्षिकेने तिला ऐकले, शिष्यवृत्ती मिळाली आणि पंचविसाव्या वर्षी ती जर्मनीला गेली. एका मध्यम शहरातल्या संगीत नाट्यगृहात तिला जागा मिळाली. पगारी गायिका. तिथे नाटक गाण्यातच चालते आणि आवाजावरून भूमिका ठरतात. नायिकेचा आवाज उंच असतो. मधल्या आवाजाच्या वाट्याला आई येते, दाई येते, चेटकीण येते, आणि कधी कधी कोवळा तरुणही बाईनेच करायचा असतो. एकदा ती रंगभूषेतच फोनवर दिसली.

"आधी मिशा काढ," तिची आई म्हणाली, "मग बोलू. मला लाज वाटायली परक्या माणसाशी बोलायला."

"आई, मी राजपुत्र आहे."

"आस्शील. जेवला का राजपुत्र?"

मी बाजूच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत असे. फोन माझ्याकडे आला की मी तिची प्रकृती विचारत असे, तिकडची थंडी विचारत असे. गाण्याविषयी मी विचारले नाही. तिने सांगितले नाही.

एका वर्षी तिने दोघांची तिकिटे पाठवली. मी पासपोर्ट काढला होता. ऐन वेळी रक्तदाबाचे कारण सांगितले. पत्नी एकटी गेली. जन्मात मुंबईच्या पुढे न गेलेली बाई विमानाने जाऊन आली आणि परत येऊन अंगणात शेजारणींना सांगत बसली. "तीन तास बसले. ही एवढ्या येळानं आली, एका बाईला पाणी दिलं, चार वळी म्हणली अन् गेली. मी म्हणलं, येवढ्यासाठी येवढं लांब? पण लोकांनी टाळ्या वाजवल्या बरं का. गोरे लोक. उभं राहून."

शेजारणी गेल्यावर मी विचारले, "आवाज कसा होता?"

ती भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "तुमच्या आईवानी."

मी उठून आत गेलो.

त्यानंतर बरीच वर्षे गेली. मागच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. पहिल्यांदा तिने स्वतःहून मला फोनवर मागितले. एका नाटकातली मुख्य भूमिका तिला मिळाली होती. मधल्या आवाजासाठी लिहिलेल्या मुख्य भूमिका मोजक्याच असतात, आणि बेचाळिसाव्या वर्षी मिळाली म्हणजे पहिली आणि शेवटची. "बाबा, या वेळी याल?" मी हो म्हणालो. पासपोर्टची मुदत संपली होती, नूतनीकरणासाठी अर्ज केला.

तालमीच्या पाचव्या आठवड्यात तिचा आवाज फाटला. भूमिका दुसरीला गेली. जानेवारीत ती इकडे आली ती तीन महिन्यांचे मौन घेऊन. कुजबुजायचेही नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिले होते. तीन महिन्यांनी आवाज आला तर परत जायचे आणि नाट्यगृह पुन्हा परीक्षा घेणार. नाही आला तर करार संपणार.

पत्नीने शहागंजच्या बाजारातून लिहायची पाटी आणली. "ल्हानपनी लिही म्हणलं तर पाटी फोडायची," ती म्हणाली. "आता दिवसभर लिहायलीय." मुलगी हसली, आवाज न करता. पाटीवर लिहिले, "चहा." पुढे पुसून, "साखर कमी."

डॉक्टरांचा अहवाल जर्मनमध्ये होता. मी तो टेबलावर ठेवून बोट लावले. "काय म्हणतात?"

तिने लिहिले, "जुनी इजा. त्यावर नवी."

"किती जुनी?"

तिने पाटी पुढ्यात ओढली. लिहिले, "इजेचं वय त्यांनी नाही सांगितलं." मग ओल्या फडक्याने पुसून टाकले. मला वाचायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ ते पाटीवर होते.

मला तेव्हाच बोलता आले असते. टेबलाच्या पलीकडे ती होती, तिला उत्तर देता येत नव्हते, माझ्यासाठी याहून सोपी वेळ नव्हती. मी पंखा एक आकडा कमी केला आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी तंबोरा कपाटावरून उतरवला आणि शहागंजात नेला. तिथला वाद्ये दुरुस्त करणारा माझ्याच वयाचा आहे. चाळीस वर्षांची ओळख, मैत्री नाही. मी त्याला सांगितले, जाड तारा चढवा, पांढरी चारला लागला पाहिजे.

त्याने खोळ काढून पाहिले. "मास्तर, ये जनाना साज है. इसपे मर्दानी तार चढ़ाए तो तबली बैठ जाएगी." तबली म्हणजे भोपळ्यावरचे लाकडी झाकण. तारांचा सारा भार तिच्यावर असतो.

"चढवा."

"नया ले लो ना. कायकू पुराने की जान लेते?"

"हाच हवा."

"बैठ गई तो मेरे नाम पे मत रोना."

"नाही रडणार."

"वो तो मालूम है," तो म्हणाला. "आप किसी के नाम पे नहीं रोते."

चार दिवसांनी तंबोरा परत आला. लावून पाहिला. पांढरी चारला लागला. नाद थोडा घुमा होता, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, पूर्वीसारखी खुलत नव्हती, पण लागला. एवढे सोपे काम होते. तारा बदलायच्या होत्या. तबलीला धोका होता हे खरे, पण सात वर्षे धोका कोणीतरी घेतच होते.

मी तो तिच्या खोलीत ठेवला. तिने तार छेडली, ऐकली, पुन्हा छेडली. तिचा कान अचूक आहे. कोणती पट्टी हे तिला सांगावे लागले नाही. पाटी तिच्याजवळ होती. तिने ती उपडी ठेवली.

तीन महिने संपले. इथल्या डॉक्टरांनी तपासले, सूज उतरली म्हणाले, हळूहळू आवाज लावून पाहा. सकाळी नऊची वेळ होती. ती समोर बसली. पत्नी दारात उभी, हात पिठाचे. तंबोरा मी घेतला. लावायच्या आधी मी विचारले, "कोणती पट्टी?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी तिला कधी केला नव्हता. साथीदार प्रत्येक गायकाला विचारतो. पहिला प्रश्न तोच असतो.

"पांढरी चार," ती म्हणाली. तीन महिन्यांनंतरचे तिचे पहिले शब्द. आवाज खरखरीत होता.

षड्ज आला. खालचा, भरलेला. क्षणभर मला वाटले की सर्व ठीक आहे. रिषभ आला. गंधारावर आवाज दुभंगला आणि मधून नुसती हवा आली. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा षड्जापासून निघाली. पुन्हा तिथेच. गंधार हा गळ्याच्या अगदी मधला सूर. तिथे वर चढायचे नसते, ताण नसतो. तिथे जो आवाज दुभंगतो तो थकलेला नसतो, फाटलेला असतो. हे तिला कळले, मलाही कळले. तिसऱ्यांदा तिने केले नाही.

"बास," ती म्हणाली.

तंबोरा माझ्या हातात वाजत होता. मी तो थांबवला.

"चूक माझी होती," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"तंबोऱ्याची नव्हती."

"तेही माहीत आहे, बाबा. मला बाराव्या वर्षीच माहीत होतं." तिचा स्वर रागाचा नव्हता. एखादी तारीख सांगावी तसा होता. पुढे म्हणाली, "तिकडे कोणी विचारलं, सुरावर इतकी पक्की कशी, तर मी तुमचं नाव सांगते."

"सांगू नकोस."

"खरं आहे ते. दोन्ही खरं आहे."

दारातून पत्नी म्हणाली, "भाकरी करपायलीय," आणि आत गेली. भाकरी अजून तव्यावर पडली नव्हती.

मग मी तिला आजीविषयी सांगितले. कर्णा बंद पडायचा ते, मैदानाच्या टोकापर्यंतचे शब्द, गुरुजींचे वाक्य, आणि वंदनेला मी मान खाली घालत असे तेही. तिने सर्व ऐकले. विचारले, "आजीचा एखादा आवाज भरून ठेवलेला आहे का कुठे?"

"नाही."

"कोणत्या पट्टीत गायची?"

मी कधी पाहिले नव्हते. पेटी घेऊन आईसमोर मी कधी बसलो नाही. "पांढरी चार असावी," मी म्हणालो. अंदाजाने बोलण्याची मला सवय नाही.

ती आठवड्याने गेली. नाट्यगृहाच्या परीक्षेला ती बसलीच नाही, तिने पत्र देऊन करार सोडला. त्याच शहरात मुलांच्या समूहगानाच्या शाळेत तिला काम मिळाले आहे. मुलांचे आवाज तपासायचे आणि त्यांना कोणत्या रांगेत उभे करायचे ते ठरवायचे, असे तिने सांगितले. गायचे नाही. माझा नवा पासपोर्ट पोलिस तपासणीत अडकून मे महिन्यात आला. तो टेबलाच्या खणात आहे.

तंबोरा मी तिच्या खोलीतच ठेवला होता, तारा चढवलेला. वाद्य वापरात नसले की तारा उतरवून ठेवायच्या असतात, ही पहिली शिकवण. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्यासाठी छड्या मारल्या आहेत. रोज सकाळी नऊ वाजता मी खोलीत जाऊन तार छेडत असे. पांढरी चार टिकून होती. महिन्याभरात, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीखालचे लाकूड केसभर खचलेले दिसले.

रविवारी तिचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर तिने मला मागितले.

"तारा उतरवल्या का?"

"नाही."

"उतरवा, बाबा. तबली बसेल."

"बसू दे."

"नको," ती म्हणाली. "तीही फुटायला नको."

फोन ठेवून मी खोलीत गेलो. आधी खर्जाची खुंटी फिरवली, मग जोडीच्या दोन, मग पंचमाची. तारा लोंबल्या. खोळ घातली.